होकार दिल्यानंतरचे सत्तावीस तास

प्रश्न : माझे दाजी (वय ४९) हायवेवर मोटारसायकलवरून पडले. हेल्मेट नव्हतं, डोक्याला मार लागला. मंगळवारी रात्री त्यांना पुण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात हलवलं. गुरुवारी रात्री पहिली तपासणी आणि शुक्रवारी सकाळी दुसरी, मग ‘ब्रेन डेड’ सांगितलं. अवयवदानाचं ताईनेच विचारलं आणि शुक्रवारी दुपारी एकला सही केली. देह ताब्यात मिळाला शनिवारी दुपारी चारला. तेवढा वेळ आम्ही जिन्यात बसून. लिव्हर, दोन्ही किडन्या आणि डोळे घेतले, हृदय आणि फुप्फुसं घेतली नाहीत. एक किडनी त्याच हॉस्पिटलात बसवली म्हणे. रक्तगट एबी पॉझिटिव्ह. बीपीची गोळी चालू होती, सिगारेट होती. आता दहावा-तेरावा झाल्यावर चुलते म्हणतात, “हॉस्पिटलने धंदा केला. हृदय चालू होतं तर घेतलं का नाही? आणि डोक्याला टाके कसले, डोक्यातून काय काढलं?” शनिवारचंही आयसीयूचं बिल लावलेलं आहे. ताईने शुक्रवारी सकाळी दाजींचं बोट हललेलं पाहिलं होतं. ती रात्रभर जागी असते, म्हणते मी सही करून त्यांना मारलं. ज्यांना अवयव मिळाले त्यांना भेटता येईल का? तिला काय सांगू?
— एक भाऊ, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही बरंच काही विचारलंय, पण ताईंची झोप उडवणारा प्रश्न एकच आहे. बोट हललं, म्हणजे ते जिवंत होते का? आधी त्याचंच उत्तर देतो. नव्हते. बोट हललं हे खरं, आणि त्या वेळी दाजी गेलेले होते हेही खरं.

काही हालचालींना मेंदूचा हुकूम लागत नाही. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या छोट्या जोडण्यांमुळे. मेंदू आणि मेंदूस्तंभ (मेंदूचा तळाचा, श्वास चालवणारा भाग) मेले तरी व्हेंटिलेटर चालू असेपर्यंत मज्जारज्जूला रक्त मिळत राहतं, आणि वरून येणारा लगाम तर सुटलेला असतो. मग कूस बदलताना, मान हलवताना, सुई टोचताना बोटं आखडतात, पायाचा अंगठा वळतो. क्वचित दोन्ही हात कोपरात वाकून छातीपर्यंत उचलले जातात, आणि ते दृश्य बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी करतं. डॉक्टरांना हे अपेक्षित असतं. अशी हालचाल दिसली म्हणून मेंदूमृत्यूचं निदान चुकलं असं ठरत नाही. खटकतं ते एवढंच, की आयसीयूत नातेवाइकांना हे आधी सांगायला हवं आणि बऱ्याचदा कोणी सांगत नाही. दोन वाक्यांचं काम आहे.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांत बाहेरून फरक दिसत नाही. दोन्हींत माणूस निपचित, अंग गरम, छाती वरखाली. पण कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ जिवंत असतो. नळी हलवली की तो खोकतो, डोळ्यात उजेड टाकला की बाहुली आकसते, बहुतेकदा थोडाफार श्वासही स्वतः घेतो. दाजींच्या बाबतीत दोन वेळा तपासलं गेलं ते हेच. बाहुल्या उजेडाला दाद देतात का, बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटते का, डोकं झटकन वळवलं तर डोळे उलट्या दिशेला फिरतात का, कानात बर्फाचं पाणी घातल्यावर डोळे हलतात का, चेहऱ्याच्या भागात जोरात दाबलं तर कपाळाला आठी पडते का, घशात आणि श्वासनळीत नळी फिरवली तर उबळ येते का. सगळ्यात शेवटी श्वासाची चाचणी. आधी दहाएक मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून फक्त नळीतून ऑक्सिजन सोडतात आणि आठ-दहा मिनिटं छातीकडे बघत राहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटरच्या वर गेला की जिवंत मेंदूस्तंभ श्वास घ्यायला लावतोच. एवढं होऊनही छाती हलली नाही, तर श्वास घ्यायला लावणारं केंद्रच उरलेलं नाही. चाचण्यांआधी गुंगीची औषधं, स्नायू शिथिल करणारी औषधं, थंड पडलेलं शरीर, रक्तातल्या साखर-क्षारांचा मोठा बिघाड ही कारणं वगळावी लागतात.

मोठ्या माणसात दोन फेऱ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवायचं, असा नियम आहे. लहान मुलांत ते तज्ज्ञांच्या मतानुसार वाढतं. सह्या चौघांच्या लागतात : हॉस्पिटलचे प्रमुख डॉक्टर, उपचार करणारे डॉक्टर, सरकारने मान्य केलेल्या यादीतले एक डॉक्टर, आणि त्याच यादीतले मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन. ते नसतील तर यादीतले भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूतज्ज्ञ चालतात. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधल्या कोणालाही या चौघांत बसता येत नाही. हे सगळं फॉर्म १० वर नोंदलं जातं. त्याची प्रत मागून घ्या. त्यावर दोन्ही फेऱ्यांच्या वेळा आहेत, आणि ताईंची सही फॉर्म ८ वर, त्यानंतरची आहे. ताईंना हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवा. मृत्यू सकाळी ठरला, सही दुपारी झाली. त्यांच्या सहीने काहीही बंद पडलं नाही. त्यांनी नकार दिला असता तरी व्हेंटिलेटरवरचं हृदय काही तासांत किंवा थोड्या दिवसांत थांबलंच असतं.

हृदय चालू कसं, हे चुलत्यांनाही समजावून सांगा. हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही, त्याचं स्वतःचं ठोका देणारं केंद्र असतं. फक्त ऑक्सिजन पोचत राहिला पाहिजे, आणि तो यंत्र पोचवत होतं.

आता सत्तावीस तासांकडे येऊ. एवढा वेळ लागला म्हणून संशय आला, पण काळाबाजार करणाऱ्याला घाई असते. वेळ गेला तो परवानग्या, तपासण्या आणि याद्या यांत.

फॉर्म ८ वर सही झाली की हॉस्पिटलचा प्रत्यारोपण समन्वयक दाता म्हणून नोंद करतो, ती झेडटीसीसीकडे, म्हणजे विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे. महाराष्ट्रात अशी चार केंद्रं आहेत : मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. वर मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधलं रोटो-सोटो, म्हणजे पश्चिम विभागाची आणि राज्याची अवयव प्रत्यारोपण संस्था, आणि देशपातळीवर दिल्लीतली तशीच राष्ट्रीय संस्था, नोटो. झेडटीसीसी अवयव काढत नाही, बसवत नाही, कुणाकडून विकत घेत नाही. तिच्याकडे प्रतीक्षायाद्या असतात आणि कुठला अवयव कोणाला, हे ती यादी बघून कळवते. निर्णय हॉस्पिटलच्या हातात राहू नये म्हणूनच ही मधली संस्था आहे.

समन्वयकाने पाठवलेल्या माहितीत वय, उंची, वजन, रक्तगट, मृत्यूचं कारण, रक्तदाब टिकवायला कुठलं औषध किती वेगाने चालू आहे, लघवी किती होते, मध्ये हृदय थांबलं होतं का, असं सगळं असतं. त्याबरोबर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा इको, छातीचा एक्स-रे. काही अहवाल तासाभरात येतात, काहींना तीन-चार तास लागतात. किडनीसाठी ऊतींची जुळणी आणि क्रॉसमॅच असते, म्हणजे दात्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं रक्तद्रव एकत्र करून बघतात. प्रतिक्रिया आली तर किडनी बसवताक्षणी काळी पडू शकते, म्हणून तो रुग्ण बाद. यालाच पाच-सहा तास सहज जातात. एका किडनीसाठी यादीतल्या तीन-चार जणांना निरोप जातो, कारण एखाद्याचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो, एखाद्याला त्याच दिवशी ताप असतो, एखादा वेळेत पोचू शकत नाही.

दुसरी वाट पोलिसांची. अपघाती मृत्यू, म्हणजे मेडिकोलीगल केस. हॉस्पिटल पोलिसांना विनंतीपत्र देतं, त्याची प्रत शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना जाते. पोलिसांचा पंचनामा आणि हरकत नसल्याचा कागद येईपर्यंत सुरी लावता येत नाही. तुमच्या बाबतीत अपघात एका जिल्ह्यात आणि मृत्यू दुसऱ्या. दोन ठाण्यांत निरोप जायचे, गुन्हा कुठे नोंदला ते बघायचं, पंचनाम्याला अंमलदार मोकळा मिळायचा. जाणत्या समन्वयकाला विचारलंत तर सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो याचं उत्तर तो ‘चौकीत’ असंच देईल. म्हणून शहाणे समन्वयक पहिल्या तपासणीनंतरच पोलिसांना कल्पना देऊन ठेवतात. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही, ही जुनी अडचण केंद्र सरकारने २०२१च्या नोव्हेंबरमध्ये काढली. सोय असलेल्या ठिकाणी ते रात्रीही करता येतं, आणि अवयवदानाच्या केसला प्राधान्य द्यायचं असतं.

या वेळात आयसीयूत दाजींच्या देहाची राखण चालू असते, आणि ती उपचारांपेक्षा अवघड असते. मेंदू गेला की लघवी रोखणारं संप्रेरक बंद होतं. तासाला तीनशे-चारशे मिलिलिटर लघवी व्हायला लागते, रक्तातलं सोडियम चढतं. ते १५५च्या वर राहिलं तर लिव्हर नंतर नीट काम करत नाही. रक्तदाब कोसळतो, अंग थंड पडतं. ताईंनी लघवीची पिशवी सारखी रिकामी होताना आणि अंगावर गरम हवेचं पांघरूण पाहिलं असेल, ते याचसाठी. तिथली माणसं शंभराचा हिशेब सांभाळतात : वरचा रक्तदाब शंभरच्या वर, लघवी तासाला शंभर मिलिलिटर, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब शंभर मिलिमीटरच्या वर, हिमोग्लोबिन लिटरला शंभर ग्रॅम, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत दहा. हा तोल मध्येच सुटून हृदय थांबलं तर आतले अवयव हातचे जातात. होकार दिलेल्या कित्येक घरांत हेच होतं, आणि मग फक्त डोळे आणि त्वचा उरते. दाजींचे तीन अवयव कामी आले याचा अर्थ त्या रात्री आयसीयूत कोणीतरी जागं राहून काम केलं.

शेवटचा भाग शस्त्रक्रियेच्या वेळेचा. प्रत्येक अवयवाला एक घड्याळ आहे. रक्त बंद करून थंड द्रावण सोडल्यापासून हृदय चार ते सहा तास, फुप्फुसं सहा-आठ, लिव्हर साधारण बारा, किडनी चोवीस किंवा थोडी जास्त. रक्तवाहिनीला चिमटा लावायचा क्षण सगळ्या अवयवांसाठी एकच असतो. त्यामुळे थिएटरची वेळ ठरते ती सगळ्यात लांबून येणाऱ्या टीमवर. लिव्हरची टीम दुसऱ्या शहरातून येणार असेल, घेणारा रुग्ण अजून घरून निघायचा असेल, तर बाकी सगळे थांबतात. शस्त्रक्रियेला स्वतःला चार ते सहा तास. त्यात भूलतज्ज्ञ असतो. त्याचं नाव कागदावर बघून ‘भूल दिली, म्हणजे कळत होतं’ असा अर्थ लोक काढतात. तो तिथे रक्तदाब आणि ऑक्सिजन टिकवायला असतो. स्नायू शिथिल करायचं औषध देतो ते मज्जारज्जूच्या त्याच हालचाली थांबवायला, ज्यातली एक ताईंनी पाहिली. त्यानंतर टाके, मग देह शवविच्छेदनाला, तिथली रांग, तिथले कागद. बेरीज करून बघा, सत्तावीस तास फार नाहीत. जिन्यात बसवून ठेवणं मात्र चूक. कुटुंबाला एक खोली, एक माणूस आणि दर दोन तासांनी एक निरोप द्यायला काही खर्च येत नाही.

डोक्याच्या टाक्यांचं उत्तर सोपं आहे, आणि चुलत्यांना ते आधी सांगा. अवयवदानात डोकं उघडत नाहीत. चीर गळ्याच्या खळग्यापासून ओटीपोटापर्यंत असते. डोळ्यांच्या बाबतीत बहुतेकदा पुढचा पारदर्शक पडदा घेतात, पापण्या मिटलेल्याच दिसतात. डोक्यावरची चीर शवविच्छेदनाची. डोक्याच्या इजेने मृत्यू झाला, तर कवटी उघडून इजा नोंदवणं हे त्या डॉक्टरांचं काम आहे. अवयवदान केलं नसतं तरी ते टाके पडलेच असते. शवविच्छेदन अहवालात हे लिहिलेलं मिळेल. काढलेल्या अवयवांची नोंदही तिथेच असते, कारण काढणाऱ्या सर्जनचा अहवाल त्यात जोडायचा असतो.

हृदय का घेतलं नाही? दाजींची फाइल समोर नाही, पण पत्रातच तीन कारणं आहेत. पहिलं आणि बहुधा सगळ्यात मोठं म्हणजे रक्तगट. एबीचे अवयव फक्त एबीच्या रुग्णाला चालतात, आणि एबी रक्तगटाचे लोक मुळात थोडे. हृदयाच्या यादीत एबीचा, साधारण त्याच उंची-वजनाचा आणि चार तासांच्या टप्प्यात असलेला रुग्ण त्या रात्री नसेल तर हृदय कितीही चांगलं असो, ते कोणाला देणार? आधी आपला विभाग, मग राज्यातले इतर विभाग, मग पश्चिम विभागातली राज्यं, मग देशाची यादी, अशी विचारणा सरकत जाते. एवढ्यावरही कोणी भारतीय रुग्ण मिळाला नाही, तरच परदेशी रुग्णाचा विचार होतो.

दुसरं वय आणि बीपी. चाळिशीपुढच्या, बीपीच्या किंवा सिगारेटच्या दात्याची अँजिओग्राफी बघितल्याशिवाय बहुतेक टीम हृदय घेत नाहीत, आणि रक्तदाब अस्थिर असताना देह कॅथलॅबपर्यंत हलवणं दर वेळी जमत नाही. तिसरं, मेंदू दबून मरताना शरीरात अॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो आणि हृदयाचा स्नायू सुन्न होतो. मॉनिटरवर ठोके दिसतात पण इकोवर पंप कमजोर दिसतो. बाहेरून दिसणारा ठोका आणि दुसऱ्याच्या छातीत आयुष्यभर चालू शकणारं हृदय यांत हा फरक आहे. फुप्फुसांचं कारण सिगारेट आणि तीन-चार दिवसांचं व्हेंटिलेटर एवढं पुरेसं आहे. बेशुद्ध पडताना पोटातलं वर येऊन श्वासनळीत जातं, जंतुसंसर्ग होतो. सगळ्या अवयवांत फुप्फुसं सगळ्यात आधी हातातून जातात.

प्रत्येक नकाराचं कारण टीमला लेखी कळवावं लागतं आणि झेडटीसीसीकडे ते राहतं. तुम्ही लेखी विचारलंत तर घेणाऱ्यांची नावं न देता कारण सांगायला हरकत नसावी. आणि धंदाच करायचा असता तर हृदय सोडलं असतं का, हा प्रश्न चुलत्यांना उलट विचारून बघा.

एक किडनी त्याच हॉस्पिटलात राहिली यात लपवाछपवी नाही. दाता ज्या हॉस्पिटलात मेंदूमृत घोषित झाला तिथे प्रत्यारोपणाची मान्यता असेल, तर एक किडनी त्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या यादीतल्या रुग्णाला आणि दुसरी विभागाच्या सामायिक यादीला, अशी महाराष्ट्रातली पद्धत आहे. उद्देश हा, की हॉस्पिटलांनी मेंदूमृत्यू ओळखून जाहीर करण्याची तसदी घ्यावी. ते काम वेळखाऊ आहे आणि टाळणं फार सोपं आहे. ही पद्धत न्याय्य आहे का, यावर मतभेद आहेत. मोठ्या खासगी हॉस्पिटलात नाव लावू शकणाऱ्याला थोडा फायदा मिळतो, हा आक्षेप मला पटतो. पण हॉस्पिटलच्या आतली यादीसुद्धा झेडटीसीसीकडे आधीपासून नोंदलेली असते, तिथे ऐनवेळी नाव घुसवता येत नाही. यादीतला क्रम रक्तगट, डायलिसिसवर काढलेले महिने, डायलिसिससाठी हातातल्या नसा संपल्या आहेत का, वय, पूर्वी स्वतः किडनी दिलेली आहे का, अशा गोष्टींच्या गुणांवर ठरतो. पैशाला गुण नाहीत. फक्त प्रत्यारोपण खर्चिक आहे, खासगीत ते लाखांत जातं, त्यामुळे यादीत नाव लागायलाच गरीब मागे पडतो. खरी विषमता तिथे आहे.

किडनी विकल्याच्या बातम्या चुलत्यांनी वाचल्या असतील. त्या बहुतेक जिवंत दात्यांच्या असतात, म्हणजे खोटी नाती दाखवून केलेल्या. अवयवांचा व्यापार केला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड, अशी शिक्षा १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने आली. मेंदूमृत दात्याच्या वाटेवर चार डॉक्टर, पोलिस, शवविच्छेदन डॉक्टर, झेडटीसीसी आणि दोन-तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या टीम असतात. या सगळ्यांना एकाच रात्री गप्प बसवणं अशक्यप्राय आहे.

बिलाच्या बाबतीत मात्र तुमची तक्रार रास्त वाटते. त्याच कायद्याखालच्या २०१४च्या नियमांत स्पष्ट आहे : मेंदूमृत घोषित झाल्यानंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा, ते टिकवण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही. तो घेणाऱ्याने, हॉस्पिटलने किंवा सरकारने ठरवलेल्या कोणी सोसायचा. त्याआधीचे उपचार, न्यूरोसर्जन, सीटी स्कॅन, तेवढ्या दिवसांचं आयसीयू हे तुमचंच. तेव्हा तारीख आणि वेळेसकट तपशीलवार बिल मागा. शुक्रवार सकाळच्या दुसऱ्या तपासणीनंतरच्या ओळींवर पेन्सिलने खुणा करा : आयसीयूचं भाडं, व्हेंटिलेटर, इको, सोनोग्राफी, विषाणूंच्या तपासण्या, थिएटर, औषधं. मग हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांना एक पानी पत्र द्या, फॉर्म १० आणि फॉर्म ८ च्या प्रती जोडून, आणि पोच घ्या. अनेकदा ही बिलिंग खात्याची सरधोपट चूक असते. फाइलवर ‘दाता’ अशी नोंद पडलेली नसते आणि संगणक रोजचं भाडं लावत जातो. पंधरा दिवसांत परतावा किंवा लेखी उत्तर नाही आलं तर तेच पत्र झेडटीसीसी पुणे आणि आरोग्य विभागाकडच्या समुचित प्राधिकरणाला, म्हणजे या कायद्याची अंमलबजावणी बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, पाठवा. कोणाकडे जायचं कळेनासं झालं तर नोटोचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ४७७० आहे. भांडायला जाताना ‘अवयव दिले आणि वर पैसेही घेतले’ असं म्हणू नका, त्याने समोरचा बचावात जातो. नियमाचं वाक्य आणि बिलाची ओळ पुढे ठेवा.

घेणाऱ्यांना भेटायचं म्हणता, तर ओळख दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायची असते. यामागे अनुभव आहे. घेणाऱ्यावर उपकाराचं ओझं येतं, कधी पैशाची अपेक्षा तयार होते, आणि बसवलेली किडनी काही महिन्यांनी निकामी झाली तर दात्याच्या घरच्यांना दुसऱ्यांदा सुतक येतं. बातम्यांवरून, गावावरून, समाजमाध्यमांवरून शोधायला जाऊ नका. ताईंना समन्वयकाकडे एवढं विचारता येईल, की ज्यांना अवयव मिळाले त्यांची प्रकृती कशी आहे. वय, पुरुष की बाई, बरे आहेत का, एवढं बरेच समन्वयक नाव न सांगता सांगतात. पत्र लिहायचं असेल तर नाव, गाव, हॉस्पिटल आणि तारीख न घालता लिहून समन्वयकाकडे द्यायचं. उत्तर येईलच असं धरू नका.

ताईंच्या जागरणाबद्दल शेवटी, कारण तुम्ही ते शेवटी विचारलंत. समजूत घालणाऱ्यांची गर्दी करू नका. समन्वयकाला फोन करून ताईंसाठी अर्धा तास मागा. फॉर्म १० समोर ठेवून आयसीयूच्या डॉक्टरांनी स्वतः त्यांना प्रत्येक ओळ समजावून सांगावी, बोटाचा प्रश्न ताईंनी स्वतःच्या तोंडाने विचारावा. चांगली हॉस्पिटलं याला नाही म्हणत नाहीत, आणि हे दात्याच्या कुटुंबाचा हक्क म्हणून मागा, उपकार म्हणून नाही. महिना-दीड महिना उलटूनही झोप, जेवण सुधारलं नाही, किंवा जगून काय करू असं बोलणं सुरू झालं, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सातारच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. तातडीने कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारी टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे.

कागदांचं एक काम या गडबडीत राहून जातं. मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून, म्हणजे हॉस्पिटल ज्या महापालिकेच्या हद्दीत आहे तिथून घ्यायचा. हॉस्पिटलने तिकडे कळवलं आहे का ते विचारा, नोंदीची मुदत २१ दिवस असते. मृत्यूची तारीख दाखल्यावर शुक्रवार आहे की शनिवार, आणि ती फॉर्म १० शी जुळते का, हे दाखला हातात आल्या आल्या बघा. शवविच्छेदन अहवालात, पंचनाम्यात आणि दाखल्यात तारखा वेगळ्या पडल्या तर विम्याचा आणि मोटार अपघात दाव्याचा कागद तिथेच अडतो. दुरुस्ती आत्ता एका अर्जाने होते, वर्षाने करायला गेलात तर प्रतिज्ञापत्रं लागतील. दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा.